गौरीपुढचे हरभरे

ये गं, इकडे ये. अशी दाराशी उभी राहून चपला चाचपत बोलू नकोस, जवळ येऊन बस. आणि तो फोन जरा पालथा ठेव, पळून जात नाही तो. मघाशी तुझ्या पिशवीत राहिलेली तुझ्या लेकीची ती गुलाबी डबी मी उघडून बघितली. हो, बघितली, पणजी आहे मी तिची. आत काय होतं? दोन क्रीमची बिस्किटं, आणि वाऱ्यानं उडून जातील असले बटाट्याचे काप. अगं, सव्वातीन वर्षांचं लेकरू ते, सकाळी आठला घरातून निघतं, आणि त्याच्या पोटात तू हे घालतेस? वर मला सांगतेस, "आजी, शाळेचा नियमच आहे, सुकाच खाऊ पाहिजे, अंगावर सांडायला नको."

हा नियम मी ओळखते. चांगली ओळखते. या नियमाशी माझं जुनं वैर आहे. तुझी आई अशीच साडेतीन-चार वर्षांची होती तेव्हापासूनचं. तिनं तुला सांगितलं नसेल, तिला ते धड आठवतही नाही. मला आठवतं. मी ते विसरू दिलेलं नाही स्वतःला.

तेव्हा आम्ही कल्याणला राहत होतो, पारनाक्याच्या अलीकडे, चाळीतल्या दोन खोल्यांत. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि जिकडेतिकडे काही ना काही नवीन निघत होतं. कुठे वाचनालय, कुठे शिवणाचा वर्ग. तशी आमच्याकडे बालवाडी निघाली. गावातल्या महिला मंडळानं काढली, देवळामागच्या धर्मशाळेच्या ओसरीवर. मला कोण अप्रूप! माझी शाळा चौथीत सुटलेली. पुढचं सगळं मी पुड्यांचे कागद वाचून शिकले, वाण्याकडून डाळ आली की आधी कागद वाचायचा आणि मग डाळ निवडायची. त्यामुळे आपली पोर एवढीशी असताना शाळेत जाते, गाणी शिकते, याचा मला फार अभिमान. पांढरा झगा घालून, दोन बोटांएवढ्या वेण्या घालून जायची.

पण प्रकृतीनं किरकोळ होती गं तुझी आई. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिला गोवर आला आणि तो अंगातून गेला तो अंगातलं सगळं घेऊनच गेला. पायाच्या काड्या, पोट तेवढं पुढे, आणि संध्याकाळी जिना चढताना मध्येच बसायची. ह्यांनी तिला ठाण्याला नेलं, टेंभी नाक्याजवळ एक म्हातारे डॉक्टर होते, त्यांना दाखवायला. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "बाटलीतलं औषध फार देत नाही. हिला कडधान्य घाला. हरभरे, मूग, शेंगदाणे, गूळ. पीठ आणि साखर खाऊन हिचं पोट भरतंय, अंग भरत नाहीये."

मग मी त्या नादालाच लागले. नाचणी खाईना. मूग थुंकून टाकायची. पण हरभरे खायची! रात्री भिजवलेले, फडक्यात बांधून मोड आणलेले, मऊ वाफवायचे आणि वर गूळखोबरं. वाटी घेऊन उंबऱ्यावर बसायची आणि एकेक हरभरा सोलून, साल माझ्या हातात ठेवून खायची. सालांनी माझी मूठ भरायची, पण मी हलायची नाही. दिवाळीपर्यंत गालांवर जरा रंग दिसायला लागला होता. हे लक्षात ठेव, म्हणजे पुढचं का झोंबलं ते कळेल.

तर बालवाडीत खाऊची पद्धत अशी होती की कुणी आपापला डबा आणायचा नाही. एका डब्यात करंजी आणि दुसऱ्या डब्यात कोरडी पोळी असं नको, म्हणून रोज एका आईची पाळी. तिनं सगळ्या मुलांना पुरेल एवढा खाऊ आणायचा. पद्धत चांगली, मी नावं ठेवत नाही. पण त्यात मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी आपला नियम घातला. मोठ्या वकिलांची बायको, ठसठशीत कुंकू, रोज नवं इस्त्रीचं पातळ. खाऊच्या वेळेला देखरेखीला हजर. त्यांचं म्हणणं, खाऊ सुका पाहिजे, स्वच्छ पाहिजे, झग्यांवर डाग पडता कामा नये, चटईला हात चिकटता कामा नयेत. म्हणजे काय? तर चुरमुरे, बत्तासे, साखरफुटाणे, बेकरीतली बिस्किटं, लिमलेटच्या गोळ्या. सगळं पांढरं आणि सगळं गोड. पोरं तासभर भिंगरीसारखी नाचायची आणि मग चटईवर मान टाकायची. घरी आली की जेवायला नको. आम्ही सगळ्या आया कुरकुर करायचो, पण नळावर. त्यांच्यासमोर कुणाची बिशाद नव्हती.

मार्गशीर्षात माझी पाळी आली. मी म्हटलं, बत्तासे काय कुणीही आणील, आपण पोरांच्या अंगाला लागेल असं काही नेऊ. मोठं पातेलंभर हरभरे, मऊ वाफवून, गूळखोबरं मुरवून, अगदी कोरडे करून नेले. एक थेंब सांडला असता तर शपथ. चटईवर पोरं गोल करून बसलेली, मी पहिल्या मुलाच्या पानावर डाव घालणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"हे काय आणलंत?"

"हरभरे आहेत. वाफवलेत, गूळखोबरं घातलंय."

"हरभरे!" त्या पातेल्यात वाकून बघत म्हणाल्या, "अहो बाई, स्टेशनवर टांग्याच्या घोड्यांच्या तोंडाला तोबरा बांधतात, तो बघितलाय का कधी? त्यात हेच असतं. चंदी म्हणतात याला. ही बालवाडी आहे, तबेला नव्हे."

दोन-तीन आया पोरांना पोचवून रेंगाळल्या होत्या, त्या हसल्या. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय, मुलांना हे..."

"तुमच्या मुलीला सांगितलं असेल. तिला घरी घाला." आणि मग सफाईच्या बाईला हाक मारली. "हे पातेलं उचल आणि बाहेर नाक्यावर टांगा उभा आहे ना, त्याच्या घोड्याला घालून ये. वाया नको जायला."

आणि घातलं गं. माझ्या डोळ्यांदेखत पातेलं गेलं आणि रिकामं परत आलं. पोरांसाठी त्या दिवशी अध्यक्षीणबाईंनी स्वतःच्या घरून बिस्किटांचा डबा मागवला. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी गिळलं असतं. अपमान काय, सुनांना सवय असते त्याची. पण जाता जाता तुझ्या आईच्या हनुवटीला हात लावून, लाडात येऊन म्हणाल्या, "काय गं, तू चंदी खातेस? मग तू आमची घोडी!"

झालं. पोरंच ती. दुसऱ्या दिवसापासून तुझी आई आत शिरली की सगळी खिंकाळायला लागली. सगळ्यांत मोठ्यानं कोण? अध्यक्षीणबाईंचाच नातू. त्याच वर्गात होता, गुबगुबीत, पुढचे दात काळे पडलेले.

त्या संध्याकाळी मी हरभऱ्यांची वाटी तिच्यापुढे ठेवली. तिनं ती दोन्ही हातांनी लांब सरकवली.

"मी घोडी नाही," म्हणाली.

रडली नाही. नुसतं एवढं म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी हरभरे कुटून भाकरीत घातले, तिनं ओळखले. आमटीत लपवले, आमटी टाकली. गुळात वळून लाडू केला, जिभेवर एक कण लागला आणि तिनं माझ्या हातावर थुंकला. एका थट्टेच्या शब्दानं त्या बाईनं माझ्या पोरीच्या तोंडातला घास काढून घेतला. होळीपर्यंत गालांवरचा रंग गेला. पुन्हा जिन्यात बसायला लागली.

हे म्हणायचे, "जाऊ दे गं. मोठी माणसं आहेत, बोलून गेल्या."

मी म्हटलं, "जाऊ कुठं देऊ? ती जिन्यात बसलीय ना तुमची लेक, तिला ओलांडून जायचं कसं ते सांगा."

बोलता बोलता भडाभडा बोलून टाकणारी बाई मी, सगळ्या चाळीला ठाऊक. पण तो राग मी बोलून घालवला नाही. लोणच्यासारखा बरणीत भरला, दादरा बांधला आणि रोज थोडं ऊन दाखवलं. रोज पोरीला पोचवायला जायचे, अध्यक्षीणबाईंना हसून नमस्कार करायचे, आणि मनात म्हणायचे, थांबा बाई, थांबा.

आणि मग चैत्र लागला. एक दिवस दुपारी मी दाराशी बसून तांदूळ निवडत होते. अध्यक्षीणबाईंकडची बाई कुंकवाची कोयरी घेऊन चाळीत बोलावणं करत आली. "गुरुवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे हो, नक्की या. मुलांनाही आणा."

मी "येते हो" म्हणाले आणि तशीच बसून राहिले. हातातले तांदूळ तसेच हातात. अगं, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओटीत काय घालतात? पन्हं देतात, आंबेडाळ देतात, ते खरं. पण सवाष्णीच्या ओटीत काय घालतात? भिजवलेले हरभरे! ओंजळभरून! गावातलं सगळ्यांत थाटाचं हळदीकुंकू त्यांचं, म्हणजे घमेल्यानं हरभरे भिजणार. जी चंदी माझ्या पोरीला घालू दिली नाही, तीच त्या स्वतःच्या हातानं अख्ख्या गावाच्या ओटीत घालणार होत्या, आणि बाईसाहेबांच्या ते ध्यानातसुद्धा नव्हतं. मला इतकं हसू आलं म्हणून सांगू! शेजारीण बाहेर आली, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही. शुक्रवारी बालवाडीच्या खाऊची पाळी तुमची ना? ती मला द्या. माझी पुढची तुम्ही घ्या."

"आनंदानं घ्या," ती म्हणाली. "पण एवढी खूश का?"

"असंच," म्हटलं.

गुरुवारी माझं लग्नातलं जांभळं पातळ नेसले, पोरीचा हात धरला आणि गेले. काय ती आरास! झोपाळ्यावर गौर, पुढे कलिंगडाची कमळं, करंज्यांचे डोंगर, आणि खाली चकचकीत घमेल्यात हरभरे, टपोरे, भिजून फुगलेले. अध्यक्षीणबाई एकेकीला कुंकू लावून ओंजळ ओंजळ घालत होत्या. माझी वेळ आली. मी पदर चांगला रुंद पसरला. ओंजळ पडली. आणि तुझी आई माझ्या निऱ्यांमागून डोकं काढून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली,

"आई, ही घोड्याची चंदी आहे ना?"

शप्पथ सांगते, मी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी आज छाती ठोकून सांगितलं असतं.

कुणाच्या तरी हातात पन्ह्याचा पेला तसाच राहिला. अध्यक्षीणबाईंचा चेहरा लाल झाला, मग त्यांनी घाईघाईनं हसून पोरीला जवळ घेतलं. "अगंबाई, असं नाही म्हणू! हा गौरीचा प्रसाद आहे बाळ. चांगला असतो. खावा."

"ऐकलंस ना?" मी पोरीला म्हटलं. पण बघत होते मी बाकीच्या बायकांकडे. त्यांनी ऐकायला हवं होतं. त्यांनी ऐकलं.

तिथं मी आणखी एक अक्षर बोलले नाही. आंबेडाळ मागून खाल्ली. मग बाहेर येऊन पायऱ्यांखाली पिशवी उघडून उभी राहिले. चैत्रात या घरचे त्या घरचे करत बायकांकडे हरभऱ्यांचे ढीग होतात, उसळ करून करून जीव जातो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीला म्हटलं, "वहिनी, एवढ्या हरभऱ्यांचं काय करणार? मला द्या. उद्या बालवाडीत पाळी माझी आहे."

एकीनं दिले, दुसरीनं दिले. मार्गशीर्षात जी सगळ्यांत जास्त हसली होती, ती थबकली. माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, मागे दिवाणखान्याकडे बघितलं. मग सगळा पदर पिशवीत झटकला आणि म्हणाली, "मी काही बघितलं नाही हो. आणि उद्या पोराला सोडायला मी स्वतः येणार आहे, कितीही काम असलं तरी."

शुक्रवारी पहाटे चूल पेटवली. तेच पातेलं, तसाच गूळ, तसंच खोबरं. बालवाडीत पोचले तर आयांची ही गर्दी! कुणाला पोराचं नाक पुसायचं होतं, कुणाला वेणी पुन्हा घालायची होती, घरी जायला एकीलाही सवड नव्हती. मी पानं मांडली, डाव डाव वाढले. पोरं खायला लागलीसुद्धा. अध्यक्षीणबाई आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"हे पुन्हा आणलंत?"

"हो," म्हटलं.

"मी मागे एकदा स्पष्ट सांगितलं होतं..."

"सांगितलं होतंत. चंदी म्हणाला होतात. टांगा आजही नाक्यावर उभा आहे, येताना मी बघून आले. बोलवा सफाईच्या बाईला, उचलू दे पातेलं." मी पातेलं त्यांच्या पायाशी नेऊन ठेवलं. "फक्त एक आहे, बाई. हे काल तुमच्या गौरीपुढचे हरभरे आहेत. तुमच्या हातानं आमच्या ओटीत पडलेले. या सगळ्यांच्या ओटीतले. तेव्हा घोड्याला घालायचे असतील तर एवढं या सगळ्यांसमोर सांगा, की काल आमच्या ओटीत तुम्ही काय घातलंत. प्रसाद घातलात की चंदी?"

त्यांनी एकदा पातेल्याकडे बघितलं, एकदा दाराशी उभ्या आयांकडे. मी थांबले. मला मुळीच घाई नव्हती. मार्गशीर्षापासून थांबले होते.

"बोला ना, बाई," मी म्हटलं. "टांगेवाला निघून जाईल."

मागून कुणीतरी पदरात तोंड घालून फिसकन हसलं. आणि तेवढ्यात त्यांचा नातू, गूळ लागलेले दोन्ही हात वर करून ओरडला, "आजी, मला अजून पाहिजे!" मी लगेच वाढलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर गुळाचा हा डाग पडला. मी पुसला नाही.

तुझी आई कोपऱ्यात पान पुढ्यात घेऊन, ओठ घट्ट मिटून बसली होती. तो नातू तोंडात बोकाणा भरून तिच्याकडे वळला आणि सवयीनं खिंकाळला. पण त्याच्याच तोंडातून हरभरे उडाले! त्याला त्याचीच गंमत वाटली. "मी पण घोडा," म्हणाला. मग काय विचारतेस, सगळी पोरं घोडे झाली. खायची आणि खिंकाळायची, खिंकाळायची आणि खायची. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, भिंतीकडे तोंड करून खांदे उडवत हसत होत्या. त्या गोंधळात तुझ्या आईनं एक हरभरा उचलला. सोलला. साल कुठं ठेवावी म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी जाऊन हात पुढे केला. तिनं साल माझ्या हातावर ठेवली आणि हरभरा तोंडात टाकला. मग दुसरा. मग पाय आपटून एवढ्या जोरात खिंकाळली, की धर्मशाळेतली कबुतरं उडाली.

अध्यक्षीणबाई त्या दिवशी लवकर घरी गेल्या. मी त्यांना रस्ता करून दिला, वाकून.

पुढे खाऊ बदलला. कधी शेंगदाण्याचा लाडू, कधी केळं, कधी लोणी-भाकरी, आणि हरभरे तर दर आठवड्याला. कुणी नियम बदलला असं कुणी बोललं नाही. वर्षअखेरीच्या संमेलनात मात्र अध्यक्षीणबाई व्यासपीठावरून म्हणाल्या, "आमच्या बालवाडीत मुलांना पौष्टिक खाऊ द्यावा, ही कल्पना पहिल्यापासून माझ्या मनात होती." मी पहिल्या रांगेत बसले होते. पदरातून फुटाणे काढले आणि भाषण संपेपर्यंत खात बसले. कडाकडा.

तुला वाटेल, झालं, फिटलं. कसलं फिटतंय? मधल्या त्या महिन्यांत पोरीचं जे अंग गेलं ते भरून यायला पुढचा पावसाळा उजाडला, ते माझं मलाच ठाऊक. मी दर चैत्रात त्यांच्या हळदीकुंकवाला गेले. एक वर्ष चुकवलं नाही. पदर पसरायचा आणि ओंजळ पडली की म्हणायचं, "अजून घाला बाई, घरात घोडी आहे." दरवर्षी तेच, तेवढंच. तुझी आई शाळेत गेली, कॉलेजात गेली, लग्न होऊन डोंबिवलीला गेली, तरी मी आपली, "घरात घोडी आहे." शेवटी शेवटी त्यांचे हात कापायचे, हरभरे खाली सांडायचे. एका वर्षी म्हणाल्या, "अहो, पुरे ना आता?" मला कळलं त्या कशाबद्दल विचारतायत ते.

"नाही," म्हटलं. "अजून घाला."

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात, तर बोलते. त्यांच्यासारखी आंबेडाळ कल्याणात कुणाला जमली नाही. झालं, एवढंच.

आणि आता तू माझ्यासमोर बसून सांगतेस, सुका खाऊ, सांडायला नको! म्हणजे ती बाई गेली आणि तिचा नियम घोडबंदर रोडच्या तुझ्या त्या उंच इमारतीत राहायला आला. त्या शाळेच्या बाईंना सांग, डबीत उद्यापासून हरभरे येतील, वाफवलेले, कोरडे. डाग पडला तर झगा धुता येतो. आणि थट्टा करायची लहर आली कुणाला, तर म्हणावं जरा जपून, हिची पणजी अजून आहे, आणि तिला थांबता येतं.

ऊठ आता, ट्रॅफिकमध्ये अडकशील नाहीतर. ही पुरचुंडी घे, मोड आलेले आहेत, आजच वाफव. आणि पुढच्या खेपेला असा महिना घालवू नकोस. पोरीला घेऊन लवकर ये. उंबऱ्यावर बसवू तिला वाटी देऊन. सालं धरायला माझा हात आहे.